मावशीचे कागद भलतीकडे

माझी मावशी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसली. तिला जन्मापासून दिसत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलेलं तिला खपत नाही. "शेवटी सांगतात आणि मग ऐकणाऱ्यांना गहिवर येतो," म्हणते, "मला लोकांचे गहिवर आवरायला वेळ नाही." घरात तिला सगळे नंबरमावशी म्हणतात. माझ्या लग्नातल्या केटररचा नंबर, आमच्या जुन्या घरमालकाचा नंबर, पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या दवाखान्याचा नंबर, काहीही विचारा. उत्तर येतं आणि वर टोमणाही येतो, "तुमच्या त्या मोबाइलात नाही वाटतं?"

बोर्डावरून निवृत्त झाल्यावर ती घरी बसेल असं आम्हाला वाटलं होतं. कशाचं काय. पुढच्याच महिन्यात तिनं अंधांसाठीच्या एका ग्रंथालयात काम धरलं. तिथे ब्रेलमधली पुस्तकं छापतात. छापून निघालेलं प्रत्येक पान बोटांनी वाचायचं, चुका काढायच्या आणि मगच ते बांधणीला सोडायचं, हे तिचं काम. नऊ वर्षं तिनं ते केलं. मग गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तिचे जिने बंद केले. ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या जागी नुसता लिफ्ट बसवायचा ठराव.

ग्रंथालयाच्या मोठ्या बाईंनी मात्र मोठेपणा दाखवला. आपलं जुनं ब्रेल छापायचं मशीनच त्यांनी मावशीच्या घरी पाठवून दिलं आणि ऑफिसला नवं घेतलं. एक महिना घरून काम करून बघा, जमलं तर कायमचं, असं ठरलं.

आता इथे मी आले. मी शाळेत मुलींना संगणक शिकवते, त्यामुळे नात्यातल्या यच्चयावत वायरी माझ्या गळ्यात असतात. मशीन आलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत ते जोडून दिलं. त्याचा नेटवर्कमधला पत्ता ऑफिसातच कुणीतरी कायमचा बसवून ठेवला होता. तो मावशीच्या घरच्या राउटरच्या, म्हणजे इंटरनेट वाटणाऱ्या डब्याच्या, आकड्यांच्या मालिकेत बसेना. मशीनचा पत्ता बदलायला पासवर्ड हवा, तो माझ्याकडे नाही, आणि कंपनीला फोन करून कोण ताटकळत बसणार? म्हणून मी घराच्या राउटरचीच मालिका बदलून मशीनला साजेशी केली. पाच मिनिटांत काम फत्ते. मशीन धडधडायला लागलं, टेबल हलायला लागलं, कपाटाचं दार आपोआप उघडलं. मावशी खूश, मी त्याहून खूश.

पहिला आठवडा छान गेला. ऑफिसातून पेनड्राइव्हवर पुस्तक यायचं, मावशी संगणकावर ते उघडून छापायची आणि पान न् पान वाचायची. संगणक तिच्याशी बोलतो, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. त्याचा आवाज तिला आवडत नाही. म्हणते, "बोर्डावर असा बोलला असता तर मी त्याची बदली करायला लावली असती."

दुसऱ्या आठवड्यात नवा नियम आला. पुस्तकं पेनड्राइव्हवर द्यायची नाहीत. व्हीपीएन लावून घरूनच ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, पुस्तक तिथेच उघडायचं आणि तिथूनच छापायचं. व्हीपीएन म्हणजे घरच्या संगणकापासून ऑफिसपर्यंत घातलेला खाजगी बोगदा म्हणा. मावशीनं सोमवारी बोगदा सुरू केला, एक जाडजूड रहस्यकथा उघडली, पहिलं प्रकरण छापायला सोडलं. संगणक म्हणाला, छपाई पूर्ण. मशीन जागचं हललं नाही.

पुन्हा सोडलं. छपाई पूर्ण. कागद कोरेच.

मी संध्याकाळी गेले आणि जे सगळे करतात तेच केलं. बंद करून चालू केलं. वायर काढून घातली. व्हीपीएन बंद करून चाचणीचं पान छापलं, तर मशीन धडाधडा चालतंय. व्हीपीएन लावलं की मुकं. ऑफिसच्या मदतकक्षात फोन केला, तर तिथला माणूस एकच पालुपद लावून बसला. "आमच्याकडून सगळं बरोबर दिसतंय, मॅडम. छपाई पूर्ण असं येतंय ना? मग मशीनमध्येच बिघाड आहे."

"अहो, पण व्हीपीएन बंद केलं की चालतंय."

"मग बंद करून छापा."

"बंद केलं की पुस्तकच उघडत नाही."

"मग लावून छापा."

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण हा उंटावरून खालीसुद्धा बघत नव्हता. मी फोन आपटला. मावशी म्हणाली, "आपटू नकोस. फोनची काही चूक नाही."

असे पाच दिवस गेले. मावशी रोज पुढचं प्रकरण सोडून बघायची, कधी मागचंच पुन्हा सोडायची. शुक्रवारी मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज गोडच होता. मदतकक्षाच्या अहवालात मशीन नादुरुस्त लिहिलंय, सोमवारी सकाळी दहाला गाडी पाठवते, मशीन दुरुस्तीला परत नेऊ. "आणि मग बघू, ताई."

फोन ठेवून मावशीनं मशीनचं झाकण लावलं. मग म्हणाली, "हे 'बघू' मला माहीत आहे. एकतीस वर्षं फोनवर ऐकलंय. ज्यांना परत फोन करायचा नसतो ते म्हणतात बघू." तिचा हात मशीनच्या झाकणावर होता. मला अतिशय वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. चोर सोडून संन्याशाला सुळी देत होते, आणि मी, शाळेत संगणक शिकवणारी, हात बांधून उभी.

शनिवारी सकाळीच मी तिच्याकडे ठाण मांडलं. राउटर बदलू, वायर बदलू, संगणक बदलू असं माझं चाललेलं. मावशीनं चहाचा कप खाली ठेवला.

"ए शहाणे, जरा थांब. भिंतीवरचं बटण बंद कर."

"कुठलं?"

"मशीनचं. प्लगच उपटून टाक."

मी उपटला. मशीनचा दिवा गेला, हे मी तिला सांगितलं. तिनं संगणकाला पुन्हा पहिलं प्रकरण छापायला सांगितलं. आणि तो रटाळ आवाज आला. छपाई पूर्ण.

मावशी हसायला लागली. खांदे हलवून, पोट धरून. मला काही कळेना.

"अगं, मशीनचा प्लग तुझ्या हातात आहे आणि हा म्हणतो पूर्ण. याचा अर्थ फोन कुणीतरी उचलतंय. आपण नाही, दुसरंच कुणीतरी." मग तिनं मला इस्पितळातली गोष्ट सांगितली. शेजारची इमारत इस्पितळात सामील झाली तेव्हा दोन्हीकडचे आतले नंबर तसेच ठेवले होते. दोनशे चौदा म्हणजे इकडे प्रसूतिकक्ष आणि तिकडे धोबीखाना. एक मनुष्य मुलगा झाला की मुलगी विचारायला फोन करायचा, आणि पलीकडून उत्तर यायचं, अजून वाळत घातलंय, चारनंतर या. "बोर्डाची चूक नव्हती, फोनचीही नव्हती. एका नंबराला दोन घरं होती. जोडणी नव्या इमारतीकडे ओढली गेली की आपल्या मजल्यावरचा फोनसुद्धा तिकडेच वाजायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा. आपल्या मशीनचा नंबर काय?"

मी वाचून दाखवला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, वीस.

"आणि ऑफिसात कुणाचा आहे हा?"

आणि मी एकदम ओशाळले, कारण उत्तर मला ठाऊक होतं. ऑफिसच्या मालिकेतलाच तो नंबर. जुनं मशीन इकडे आलं, त्याच्या जागी तिथे नवं आलं, आणि सगळ्यांच्या संगणकात बदल करायचा कंटाळा म्हणून कुणीतरी नव्याला जुन्याचाच नंबर देऊन टाकला असणार. आणि इकडे मी आळशीपणा करून आख्खं घर ऑफिसच्या मालिकेवर नेऊन बसवलेलं. व्हीपीएन लावलं की संगणकाला वाटतं, वीस नंबर म्हणजे बोगद्याच्या पलीकडचा. हाताशी असलेलं मशीन सोडून तो थेट ऑफिसला जातो. पाच दिवस मी मदतकक्षाच्या नावानं बोटं मोडली होती. पितळ उघडं पडलं ते माझं.

मी कबूल केलं. मावशी म्हणाली, "बरं झालं. चूक घरातच सापडली की लांब जावं लागत नाही." मग एकदम ताठ बसली. "पण माझे कागद कुणाकडे आहेत? पाच दिवस पाठवतेय मी."

खात्री करायची तिची रीत बघा. मी असते तर मदतकक्षाला फोन करून तासभर भांडले असते. तिनं ब्रेलमध्ये दोन ओळी टंकल्या आणि बोगद्यातून सोडून दिल्या. ज्याच्या बोटाला हे लागेल त्यानं ताबडतोब फोन करावा, आणि खाली घरचा नंबर. छपाई पूर्ण, संगणक म्हणाला. आम्ही फोनच्या दोन बाजूंना बसलो.

अकरा मिनिटांनी फोन वाजला. मावशीनं उचलला आणि सवयीनं बोर्डावरच्या आवाजात "नमस्कार" म्हणाली. पलीकडून कुणी नमस्कारबिमस्कार केलाच नाही.

"ताई, सहावं प्रकरण कधी येणार?"

तो ग्रंथालयाचा बाइंडर होता. त्यालाही दिसत नाही, पानं बोटांनी जुळवून बांधणी करतो. नवं मशीन आवाज फार करतं म्हणून ते आतल्या बंद खोलीत ठेवलंय, आणि तिथले कागद काढायचं काम याचं. सोमवारी त्याला ट्रेमध्ये एका खुनाचं पहिलं प्रकरण मिळालं. कंपनीची माणसं चाचणी घेत असतील असं त्याला वाटलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते वाचून काढलं. मंगळवारी दुसरं आलं. मग तो मूग गिळून बसला, कारण विचारलं आणि कुणी बंद केलं तर?

"तिसरं प्रकरण चार वेळा आलं," तो म्हणाला, "मला वाटलं लेखकाची ती पद्धतच असेल."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली, आणि मीही.

मग मी कामाला लागले. मशीनच्या कंपनीला फोन केला. ज्या फोनचा मी कंटाळा केला होता तो सात मिनिटांत संपला, पासवर्ड मिळाला. घराची मालिका बदलायची होती. मधल्या एकच्या जागी कुठला आकडा घेऊ, म्हणून मावशीला विचारलं. "सत्त्याहत्तर," ती म्हणाली. "का गं?" "ऑफिसात कुणी इतक्या लांबचा आकडा घ्यायला जाणार नाही." राउटर सत्त्याहत्तरवर नेला, मशीनला त्याच मालिकेतला नंबर दिला, संगणकाला नवा पत्ता सांगितला. व्हीपीएन लावलं. आता पलीकडे या नंबराचं कुणी नव्हतं. पलीकडचं काम बोगद्यातून, घरचं घरात. मावशीनं पहिलं प्रकरण सोडलं.

टेबल हललं, कपाटाचं दार उघडलं. मशीन असं काही धडधडलं की मी टाळ्याच वाजवल्या. मावशीनं पहिलं पान उचललं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता बाईंना लाव फोन."

मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ताईंनी घरून पाठवलं की कागद इथे निघतात?"

"निघत होते. आता आम्ही दुरुस्त केलं."

"पण हे तर उत्तमच आहे की. मग घरी मशीन हवं कशाला? ताईंनी घरून पुस्तक सोडावं, आपण इथे छापू. मशीन सोमवारी येऊ दे परत."

झालं. हात दाखवून अवलक्षण. मला तोंडात मारल्यासारखं झालं. फोन स्पीकरवर होता, मावशीनं सगळं ऐकलं होतं. घरी कागद नाही म्हणजे बोटांखाली काही नाही. बोटांखाली काही नाही म्हणजे मावशीनं करायचं काय? बटण दाबायला मावशी कशाला हवी, ते तर कुणीही दाबेल. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी भांडायला तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड दाबला.

"बाई, बाइंडर जवळ आहे का? जरा द्या त्याला." तो आला. "काय रे, तू वाचलेल्या पानांना ओळी किती?"

"सव्वीस."

"मोजल्यास?"

"मोजायच्या कशाला, ताई? बांधणी करतो मी. पण खरं सांगू का, कथा जरा तुटक वाटली. दर पानाच्या शेवटी वाक्य अर्धवट सुटतं, आणि पुढच्या पानावर भलतंच काहीतरी सुरू होतं. मला वाटलं रहस्य आहे, म्हणून मुद्दाम लपवलंय."

मावशीनं हातातलं पान पुन्हा उचललं आणि कडेनं बोट खाली नेत मोजलं. सत्तावीस. "बाई," ती म्हणाली, "तुमच्या नव्या मशीनचा कागद बोटभर आखूड आहे. संगणक अजून जुन्याच कागदाच्या मापानं पानं पाडतायत. दर पानाची शेवटची ओळ छापलीच जात नाहीये. माझीच नाही, तिथे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची. नवं मशीन आल्यापासून किती पुस्तकं वाचकांकडे गेली?"

डोळ्यांनी ब्रेल बघणाऱ्याला ठिपकेच ठिपके दिसतात. एक ओळ कमी असली तर त्याला काय समजणार? मग बाईंचा आवाज आला, अगदी लहान. "गेलं एकही नाही. सहा पुस्तकं न तपासताच बांधून तयार आहेत. सोमवारी निघणार होती."

"कुठली?"

"एक दुसरी रहस्यकथा. दोन गोष्टींची. एक औषधं घेताना काय काळजी घ्यावी त्याचं. दोन शाळेची, गणिताची."

"गणिताची," मावशी म्हणाली.

सोमवारी सकाळी दहाला गाडी आली. मी शाळेतून अर्धी रजा काढली होती आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी होते. मोठ्या बाई स्वतः उतरल्या, मागून बाइंडर, आणि त्याच्या मागून गाडीवाला सहा गठ्ठे घेऊन. गठ्ठे मावशीच्या टेबलावर ठेवले. मावशीनं गणिताचं पहिलं पुस्तक ओढलं आणि पानांच्या तळाशी बोट फिरवत गेली. "गेली," म्हणायची आणि पान उलटायची. "गेली. इथे उत्तरच गेलंय. गेली." बाई उभ्याच होत्या. विसाव्या पानाला त्या खुर्चीवर बसल्या.

"ताई, गाडी मशीन न्यायला ठरवली होती," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा, काय नेऊ?"

"हे सगळं न्या आणि संगणकात नव्या कागदाचं माप घालून पुन्हा छापा. पण शिवायच्या आधी एकेक प्रत इथे पाठवा. डॉक्टरांनी माझे जिने बंद केलेत, बोटं नाही."

बाईंनी माझ्याकडे कागद मागितला आणि तिथेच चार ओळी लिहून मोठ्यानं वाचून दाखवल्या. यापुढे ताईंच्या हातून गेल्याशिवाय एकही पुस्तक बांधलं जाणार नाही, मशीन त्यांच्याच घरी राहील, पगार पूर्वीप्रमाणे, प्रकृती साथ देईल तोवर. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. बाइंडरनं तेवढ्यात विचारून घेतलं की आता शेवटचं प्रकरण सत्तावीस ओळींत इथेच मिळेल का. मावशी म्हणाली, रांगेत उभा राहा.

"ही शाईतली चिठ्ठी मी धरत नाही," मावशी बाईंना म्हणाली. "ब्रेलमध्ये द्या."

मी टंकलं, मशीन धडधडलं, कागद तिच्या हातात आला. तिनं तो दोनदा वाचला आणि नेहमीसारखी एक चूक काढली. प्रकृती साथ देईल तोवर हे खोडून तिथे पुस्तकं छापली जातील तोवर असं करायला लावलं. बाईंनी मान डोलावली, मग लक्षात येऊन तोंडानं "हो" म्हणाल्या. मी दुरुस्त करून पुन्हा छापलं. मावशीनं ती ओळ वाचली आणि खाली सही केली.